कॅन्सरमध्ये अंग गळू लागलं तर: घरच्यांनी काय पाहावं, काय विचारावं, काय करावं

कॅन्सरच्या उपचारात वजन उतरणारच, असं सगळे धरून चालतात. भेटायला येणारे म्हणतात, "केमो चालू आहे ना, मग होणारच." घरचे म्हणतात, "उपचार संपले की भरून येईल." डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या थोड्या वेळात गाठ, स्कॅन आणि रक्ताचे आकडे यांवर बोलणं होतं. दंड-मांड्या बारीक होत चालल्यात, जिना चढताना पाय लटपटतात, ही गोष्ट तशीच राहून जाते. आईच्या आजारपणात हे मी जवळून पाहिलं. तेव्हा कुणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं, ते इथे लिहितोय.

हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं आणि तिथे काय विचारायचं, एवढं यातून स्पष्ट झालं तरी पुरे.

१. ही साधी उपासमार नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा

कॅन्सरमुळे होणाऱ्या या झिजेला डॉक्टर 'कॅकेक्सिया' म्हणतात. निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर आधी चरबी वापरतं, स्नायू शक्य तितके वाचवतं आणि पुन्हा जेवायला मिळालं की भरून येतं. कॅकेक्सियात हा हिशेब बिघडतो. गाठीतून आणि तिच्याशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीतून दाह (शरीरातली आतली सूज) वाढवणारी रसायनं रक्तात मिसळत राहतात. त्यामुळे स्नायूंमधली प्रथिनं तुटण्याचा वेग वाढतो, नवी बनण्याचा वेग मंदावतो. पुष्कळ रुग्णांचं शरीर नुसतं पडून असतानाही जास्त ऊर्जा जाळतं. शिवाय यातली काही रसायनं मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावरच काम करतात, म्हणून भूक मरते. सरपण शिल्लक असतानाही घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसा हा प्रकार.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नुसतं खाणं वाढवून ही झीज पूर्ण भरून येत नाही. २०११ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन कॅकेक्सियाची व्याख्या ठरवली, तिच्यातच हे नमूद आहे. दुसरी गोष्ट घरातल्या वातावरणाची. रुग्ण खात नाही तो हट्टाने नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला चव नाही म्हणूनही नाही. हे एकदा सगळ्यांना पटलं की जेवणाच्या वेळची अर्धी भांडणं मिटतात.

स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका, फुप्फुस आणि डोकं-मान या भागांच्या कॅन्सरमध्ये ही झीज जास्त दिसते. यांपैकी निदान असेल तर वजन उतरायची वाट न बघता पहिल्याच भेटीत विषय काढा. स्नायू कमी असलेल्यांना केमोचे दुष्परिणाम जास्त सोसावे लागतात, कधी डोस कमी करावा लागतो, कधी उपचार लांबतात. म्हणजे हा 'नंतर बघू' म्हणण्याचा विषय नाही.

२. मोजा आणि तारखेसह लिहा

साधी वही पुरते. आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. रोज करू नका. रोजच्या चढ-उताराने जीव टांगणीला लागतो आणि कळत काहीच नाही.

आता हिशेब. सहा महिन्यांपूर्वी वजन ६२ किलो होतं, आज ५८ आहे. उतरलं ४ किलो. ४ भागिले ६२ गुणिले १०० म्हणजे साधारण साडेसहा टक्के. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं, तर ते कॅकेक्सियाच्या निकषात बसतं. माणूस मुळातच किरकोळ असेल, म्हणजे बीएमआय २० पेक्षा कमी असेल, किंवा तपासणीत स्नायू कमी आढळले असतील, तर २ टक्क्यांपुढची घटही पुरते. बीएमआय काढायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा.

पण काटा फसवतो, आणि दोन प्रकारे फसवतो. पोटात पाणी झालं, पायांवर सूज आली, की वजन स्थिर दिसतं किंवा वाढतं आणि आत स्नायू झिजत राहतात. दुसरा प्रकार जाड माणसांचा. त्यांचं वजन उतरलं की लोक कौतुक करतात, पण चरबीखाली स्नायू किती गेले ते कुणालाच दिसत नाही. म्हणून वजनाबरोबर ताकदही मोजा:

- खुर्चीची चाचणी. हात छातीवर बांधून, खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायचं-बसायचं. किती सेकंद लागले ते लिहा. वयामुळे होणारी स्नायूंची झीज ओळखण्यासाठी २०१९ साली आशियातल्या तज्ज्ञगटाने १२ सेकंदांची मर्यादा धरली आणि युरोपातल्या गटाने १५ सेकंदांची. तुम्ही मात्र त्या आकड्यात अडकू नका. मागच्या महिन्यापेक्षा वेळ वाढतोय का, हे बघा. शेजारी कुणीतरी उभं असलंच पाहिजे.
- पोटरीचा घेर. पोटरी जिथे सर्वांत जाड आहे तिथे शिंप्याच्या टेपने मोजा. पायावर सूज असेल तर या मापाला अर्थ नाही.
- रोजच्या कामांची नोंद. बाटलीचं झाकण उघडता येतं का, अंघोळीनंतर बसावं लागतं का, जिना कितव्या पायरीवर थांबून चढावा लागतो. डॉक्टरांना आकड्यांपेक्षा अशा दोन ओळींतून जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे.

दवाखान्यात पकडीची ताकद मोजायचं छोटं यंत्र असतं, ती चाचणी करून मागा. कॅन्सरसाठी पोटाचा सीटी स्कॅन झालेला असेल, तर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या चित्रातून स्नायूंचं प्रमाण काढता येतं. सगळीकडे ते काढत नाहीत, पण विचारायला हरकत नाही. वेगळा स्कॅन लागत नाही.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. झीज हळूहळू होते. पाय अचानक एक-दोन दिवसांत लुळे पडले, पाठीत नवी तीव्र कळ आली, लघवी अडली किंवा शी-शूवरचा ताबा गेला, तर तो अशक्तपणा समजून घरी थांबू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

३. फाइलमध्ये हे हवं

- वजनाची वही आणि आजारापूर्वीचं वजन, निदान अंदाजाने तरी
- उंची. ही कुणालाच आठवत नाही, एकदा मोजून पहिल्या पानावर लिहा
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, जडीबुटी, चूर्णं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांसकट
- रक्ताचे ताजे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी)
- स्कॅनचे अहवाल. हाडात आजार पसरलाय का, हे फिजिओथेरपिस्ट सर्वांत आधी विचारतो
- सलग तीन दिवस काय खाल्लं, किती खाल्लं, किती उलटलं याची खरी नोंद

शेवटच्या नोंदीत 'खरी' हा शब्द महत्त्वाचा. "थोडं थोडं खातात" हे उत्तर आहारतज्ज्ञाच्या काही कामाचं नाही. अर्धी वाटी म्हणजे अर्धी वाटीच लिहा.

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी आलं की "प्रोटीन कमी पडतंय" असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. दाह असला की अल्ब्युमिन आपोआप घसरतं, त्यामुळे त्या एका आकड्यावरून आहार बरा की वाईट हे ठरत नाही.

४. खाण्याच्या आड काय येतंय ते शोधा

माझ्या मते हीच पायरी सर्वांत जास्त फायद्याची आहे, आणि नेमकी हीच गाळली जाते. भूक नाही म्हटलं की टॉनिक शोधलं जातं. पण 'भूक नाही' या दोन शब्दांमागे वेगवेगळी कारणं लपलेली असतात आणि त्यांतली पुष्कळशी बरी होण्यासारखी असतात. एकेक करून विचारा.

तोंडात फोड आहेत का? जिभेवर, गालाच्या आत पांढरे चट्टे आहेत का? ती बुरशी असू शकते आणि तिच्यावर औषध आहे. तोंड कोरडं पडतं का? गिळताना अडकतं, दुखतं, ठसका लागतो का? ठसका लागत असेल तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, ते लगेच कळवा.

शौचाला किती दिवस झालं नाही? वेदनाशामक मॉर्फिनने बहुतेकांना बद्धकोष्ठ होतं, आणि पोट साफ नसलं की मळमळ आणि भरल्यासारखं वाटणं मागोमाग येतं. मॉर्फिन चालू झालं त्याच दिवशी सारक औषध चालू झालंय का, ते तपासा. मळमळीची गोळी लिहून दिलेली असते, पण ती मळमळ सुरू झाल्यावर घेतली जाते. ती कधी घ्यायची हे नीट विचारून घ्या, बहुधा जेवणाआधी घ्यायची असते.

दोन घासांत पोट भरतं का? जठराच्या आजारात आणि पोटात पाणी झालं की असं होतं. शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतं का? विशेषतः स्वादुपिंडाच्या आजारात पाचक रस कमी पडून खाल्लेलं अंगीच लागत नाही. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, जेवून झाल्यावर घेतल्या तर उपयोग कमी होतो.

वेदना आटोक्यात आहे का? झोप लागते का? मन पार खचलंय का? नैराश्यातही जेवण सुटतं आणि त्यावर उपचार होतात. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारे उपचार) चालू असेल तर थायरॉइड मंदावून थकवा येऊ शकतो, रक्त तपासून ते कळतं.

ही सगळी यादी एकाच भेटीत मांडता येत नाही. सर्वांत त्रास देणाऱ्या दोन गोष्टी निवडा आणि त्या आधी सांगा. पॅलिएटिव्ह केअरचा विभाग असेल तर त्यांच्याकडे पाठवायला सांगा. हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. वेदना, मळमळ, झोप, भूक हे त्यांचं रोजचं काम आहे आणि उपचार चालू असतानाही ते पाहतात.

५. ताटात किती, आणि कसं

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचं, एस्पेनचं, मार्गदर्शन असं आहे: दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, शंभर ग्रॅम शिजवलेल्या मासळीत किंवा चिकनमध्ये २० च्या पुढे. डाळीतही प्रथिनं असतात, पण पातळ केली की घोटागणिक पाणीच जास्त जातं. किडनीचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नका.

भरलेलं ताट समोर ठेवलं की रुग्णाला बघूनच नको होतं. छोटी वाटी, दर दोन-अडीच तासांनी, भुकेची वाट न बघता घड्याळाकडे बघून. दिवसातल्या ज्या वेळी बरं वाटतं, बहुतेकांना सकाळी, त्या वेळी सर्वांत सकस खाणं द्या. तेल, तूप, लोणी, साय, दाण्यांचा कूट, दुधाची पावडर यांपैकी जे रुचेल-पचेल ते त्याच घासात मिसळा, म्हणजे आकार न वाढता ताकद वाढते. पाणी जेवणाच्या अधेमधे द्या, जेवताना पोट पाण्याने भरू नये.

वासाने ढवळत असेल तर गरम पदार्थापेक्षा गार किंवा कोमट पदार्थ चालतात. याला एक अपवाद आहे. ऑक्झालीप्लॅटिन नावाचं केमो चालू असेल तर त्यानंतर काही दिवस गार काही नको, घशात आणि बोटांत मुंग्या येतात. तोंडात धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा वापरून बघा. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं अंडं, कच्चं दूध, उघड्यावरचं कापून ठेवलेलं फळ टाळा.

डब्यातली पोषक पावडर आहारतज्ज्ञाला विचारून निवडा. 'प्रोटीन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या प्रत्येक डब्यात ते पुरेसं असतंच असं नाही. मागची पट्टी वाचा.

आणखी एक सूचना, महत्त्वाची. पाच दिवसांपेक्षा जास्त जवळजवळ काहीच पोटात गेलेलं नसेल, तर हौसेने एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरून हृदयाची लय बिघडू शकते. अशा वेळी रक्त तपासत, हळूहळू वाढवत न्यावं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

६. पडून राहू देऊ नका

"आराम कर" हे प्रेमाने सांगितलं जातं, पण बिछान्यावर पडून राहिल्याने स्नायू आणखी वेगाने जातात. प्रथिनं पोटात गेली तरी ती स्नायूत बसायला स्नायूंना काम लागतं.

सुरुवात अगदी खालून करा. खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून कोपरातून हात वाकवणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे, आणि इतर दिवशी झेपेल तेवढं चालणं. बोलता बोलता करता येईल एवढाच जोर. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, पुढच्या खेपेला निम्मं करा.

फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवाच. हाडात आजार असेल तर कोणते व्यायाम टाळायचे हे तोच सांगू शकतो, चुकीच्या जोराने हाड मोडू शकतं. ताप, छातीत दुखणं, चक्कर, प्लेटलेट फार कमी असणं, या दिवशी सुट्टी.

७. औषधांबद्दल काय विचारायचं

झिजलेले स्नायू हमखास परत आणणारं औषध आज नाही. असं औषध आहे म्हणून कुणी काही विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

भुकेसाठी डॉक्टर काही औषधं देतात, त्यांची जमा-खर्चाची बाजू समजून घ्या. स्टिरॉइडने भूक आणि तरतरी काही आठवडे वाढते, पण जास्त दिवस चाललं तर साखर चढते आणि मांड्यांचे, खांद्यांचे स्नायू त्या औषधानेच झिजतात. मेजेस्ट्रॉलने काट्यावर वजन वाढतं, पण ते मुख्यतः चरबी आणि पाणी असतं, आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. ओलान्झापिन हे मुळात मानसिक आजारांचं औषध. अगदी कमी मात्रेत, रात्री अडीच मिलिग्रॅम, दिल्याने भूक आणि वजन सुधारल्याचं पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतल्या चाचणीत दिसलं, आणि २०२३ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, अ‍ॅस्कोने, आपल्या मार्गदर्शनात त्याचा समावेश केला. त्याने सुस्ती येते. चिठ्ठीवर ते नाव बघून "वेड्यांचं औषध दिलं" म्हणून परस्पर बंद करू नका.

अ‍ॅनामोरेलिन नावाच्या गोळीला जपानने २०२१ मध्ये काही कॅन्सरांसाठी परवानगी दिली, युरोपने मात्र २०१७ मध्ये नाकारली होती. त्याने वजन आणि स्नायूंचं प्रमाण वाढलं, पण हाताची पकड काही सुधारली नाही. भूक मारणाऱ्या जीडीएफ-१५ या रसायनाला अडवणारं पॉनसेग्रोमॅब हे औषध अजून चाचण्यांत आहे.

प्रत्येक औषधाबद्दल चार प्रश्न विचारा: कशासाठी, किती दिवस, फायदा कसा ओळखायचा, कधी थांबवायचं.

"साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" हा सल्ला कुणी ना कुणी देईलच. गोड बंद करून गाठ मरते याला पुरावा नाही. उपास, नुसते रस, एकाच पदार्थावर राहणं, यात आधी माणूस झिजतो. मधुमेह असेल तर साखरेचं पथ्य वेगळं, ते डॉक्टरांकडून घ्या.

८. आजार फार पुढे गेला असेल तर

एक टप्पा असा येतो की कॅन्सरवरचे उपचार चालत नाहीत, माणूस बहुतेक वेळ अंथरुणात असतो आणि आयुष्य थोड्या महिन्यांचं किंवा आठवड्यांचं उरलेलं असतं. इथे झीज उलटवणं शक्य नसतं. वरच्या पायऱ्यांतले कॅलरी-प्रथिनांचे आकडे या टप्प्यावर बाजूला ठेवा. आपण आलो का इथे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ते स्वतःहून सांगतीलच असं नाही.

या काळात जुलमाने भरवलेला घास मळमळ, उलटी, ठसका वाढवतो. "खाल्लं नाही म्हणून गेले" ही बोच पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं राहते. प्रत्यक्षात आजार शेवटाला आलेला असतो म्हणून खाणं सुटतं. मागितलं तर आवडीचा एक घास, नको म्हटलं तर नको. ओठांना ओलावा, मऊ ब्रशने तोंडाची स्वच्छता, कोरडं पडल्यास घोटभर पाणी किंवा ओला बोळा, ही कामं घरच्यांनी करण्यासारखी आहेत आणि त्यांनी खरोखर बरं वाटतं.

नाकातून नळी किंवा सलाइन लावायचं का, हा प्रश्न बहुधा रात्री, घाईत समोर येतो. आधीच दिवसाउजेडी विचारून ठेवा: यांच्या बाबतीत त्याने काय साधेल, त्रास काय होईल, लावल्यावर काढता येईल का. गिळण्याचा मार्ग अडलाय पण बाकी प्रकृती बरी आहे, अशा माणसाला नळीचा मोठा फायदा होतो. शेवटच्या दिवसांत मात्र सलाइनचं पाणी फुप्फुसात आणि पायांत साठून श्वास जड होऊ शकतो. रुग्ण शुद्धीत आणि बोलत असेल तर हा प्रश्न त्यालाच विचारा, त्याचं उत्तर वहीत लिहा आणि रात्री जवळ थांबणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवा.